वसंतात डोंगरावरचा बर्फ कसा तपासायचा: आदल्या रात्रीपासून दुपारपर्यंतची क्रमवार पाहणी

वसंतात बर्फाची पाहणी करणाऱ्यांच्या वह्या चाळताना एक चूक मला सारखी दिसते. दुपारच्या हवेचं तापमान ठळक लिहिलेलं असतं, पण आदल्या रात्री आभाळ कसं होतं याची एक ओळही नसते. कडाक्याच्या थंडीत हे एक वेळ चालून जातं. वसंतात मात्र त्याच उतारावर सकाळी सातला बुटाखाली कडक पापुद्रा खणखणतो आणि अकरा वाजता पाय गुडघ्यापर्यंत आत जातो. हा बदल किती वाजता होणार हे दोन गोष्टींवर ठरतं: रात्री बर्फाने किती उष्णता गमावली, आणि आतला थर शून्याच्या किती जवळ आलेला आहे. दुपारची हवा त्यानंतर येते.

दुसरी चूक क्रमाची. खड्डा खणायचा, मग फोटो, मग थरांवर चर्चा, आणि शेवटी थर्मामीटर बाहेर काढायचा. तोवर भिंतीवर ऊन पडून अर्धा तास झालेला असतो आणि मिळालेले आकडे उन्हाचे असतात, बर्फाचे नसतात. म्हणून खालचे टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने करा. सगळी तापमानं सेल्सिअसमध्ये आहेत.

टप्पा १: आदल्या दिवशीची तयारी

सोबत घ्यायचं सामान: जमिनीपर्यंत पोचेल इतका लांब प्रोब (बर्फात खुपसून खोली मोजायची काठी), धातूचं फावडं, देठासारख्या लांब टोकाचे दोन थर्मामीटर, घडीची मोजपट्टी, उताराचा कोन मोजायचं साधन, होकायंत्र, भिंग, दाणे पसरून बघायला गडद रंगाची पट्टी, घनता मोजायचा ठरावीक मापाचा डबा किंवा नळी, वजनकाटा, वही आणि पेन्सिल. पेन्सिलच घ्या, ओल्या हातमोज्यांत शाई पसरते आणि थंडीत पेन उमटत नाही. दोघांपैकी प्रत्येकाकडे हिमस्खलनात शोध घेण्यासाठीचा ट्रान्सिव्हर (रेडिओ संकेत सोडणारं आणि पकडणारं छोटं यंत्र), प्रोब आणि फावडं असायला हवं. एकट्याने हे काम करू नका.

थर्मामीटर तपासल्याशिवाय निघू नका. बारीक फोडलेला बर्फ स्वच्छ पाण्यात घालून दाट काला करा, ढवळा, टोक त्यात बुडवून काही मिनिटं थांबा. आकडा ० यायला हवा. ०.५ जास्त दाखवत असेल तर ती दुरुस्ती थर्मामीटरवरच चिकटपट्टी लावून लिहून ठेवा. वसंतात सगळा प्रश्न शून्याच्या आसपासच्या अर्ध्या अंशाचा असतो. त्यामुळे ही पाच मिनिटं वाचवली तर पुढचे सगळे आकडे संशयास्पद होतात.

नकाशावर पाहणीची जागा ठरवताना तिच्या वरच्या बाजूला काय आहे तेही बघा. जागा सपाट असली तरी वर ३० अंशांपेक्षा जास्त चढाचा मोठा उतार असेल, तर तिथून सुटलेला बर्फ तुमच्यापर्यंत पोचू शकतो.

टप्पा २: रात्र वाचायला शिका

माझ्या मते हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आहे, आणि नेमका हाच लोक गाळतात.

रात्री बर्फाचा पृष्ठभाग आकाशाकडे उष्णता फेकत असतो. आभाळ निरभ्र आणि हवा कोरडी असेल तर ही उष्णता परत येत नाही. मग हवा शून्याच्या एक-दोन अंश वर असली तरी पृष्ठभाग शून्याखाली जाऊन गोठतो. ढग असतील तर ते उष्णता परत खाली पाठवतात, आणि हवा शून्याच्या जराशी खाली गेली तरी पापुद्रा पातळच राहतो. म्हणून ‘रात्री उणे एक होतं, म्हणजे गोठलं असणार’ हा निष्कर्ष चुकीचा ठरू शकतो, आणि ‘रात्री अधिक एक होतं, म्हणजे गोठलंच नाही’ हाही.

वारा आणि दमटपणाही नोंदवा. कोरड्या हवेत बर्फाची थेट वाफ होते. त्यात बरीच उष्णता खर्ची पडते आणि पृष्ठभाग थंड राहतो. उबदार दमट वारा याच्या अगदी उलट वागतो. त्यातली वाफ बर्फावर पाणी होऊन बसताना उष्णता सोडते, आणि एक किलो वाफेच्या अशा उष्णतेत सात किलोंहून अधिक बर्फ वितळू शकतो. ऊन नसलेल्या ढगाळ, दमट, वाऱ्याच्या रात्री बर्फ झपाट्याने खराब होतो तो यामुळे.

झोपण्यापूर्वी एकदा, मध्यरात्री जाग आली तर एकदा आणि पहाटे एकदा असं आभाळ पाहून ‘निरभ्र’, ‘अर्धवट ढगाळ’, ‘पूर्ण ढगाळ’ एवढं लिहिलं तरी पुरे. पाऊस झाला असेल तर वेळेसह लिहा.

> इशारा: रात्रभर गोठण झालीच नसेल, किंवा बर्फावर पाऊस पडला असेल, तर त्या दिवशी चढाच्या उतारांवर पाहणी रद्द करा. लांबून दुर्बिणीने बघता येईल तेवढंच बघा.

टप्पा ३: जागेची निवड

खड्डा अशा ठिकाणी हवा जिथला बर्फ आजूबाजूच्या उतारासारखा आहे. वाऱ्याने साठवलेला ढीग, वाऱ्याने खरवडलेली धार, झाडाखालची जागा आणि मोठ्या खडकाचा शेजार टाळा. झाडं आणि खडक ऊन शोषून आजूबाजूचा बर्फ लवकर वितळवतात. कोणी चाललेली, स्की केलेली किंवा पूर्वी खणलेली जागाही नको. हे पाहायला आधी प्रोबने चार-पाच ठिकाणी खोली मोजा. एका ठिकाणी १२० सेंटीमीटर आणि दोन पावलांवर ७० लागले, तर ती जागा सोडा.

उताराचा रोख आणि उंची या दोन्ही गोष्टी लिहा. उत्तर गोलार्धात पूर्वेकडचे उतार सकाळी आधी तापतात, मग दक्षिणेकडचे आणि दुपारनंतर पश्चिमेकडचे. उत्तरेकडच्या उतारांवर बर्फ आठवडेच्या आठवडे थंड राहू शकतो. दक्षिण गोलार्धात उत्तर-दक्षिण उलटं समजा. एका रोखावरचा खड्डा दुसऱ्या रोखाबद्दल फार थोडं सांगतो. दक्षिणेच्या उतारावर सगळं ठीक दिसलं म्हणून त्याच दिवशी उत्तरेच्या उतारावर बिनधास्त जाणं ही वसंतातली नेहमीची आणि महागात पडणारी चूक आहे. दक्षिणेकडचा बर्फ अनेकदा भिजून-गोठून मुरलेला असतो. उत्तरेकडच्याला पाणी अजून पहिल्यांदाच लागणार असतं.

खड्ड्याची जागा स्वतः ३० अंशांपेक्षा कमी उताराची असावी.

टप्पा ४: सूर्य लागण्याआधीची पाहणी

उतारावर ऊन पडण्यापूर्वी पोचा. उशीर झाला तर हा टप्पा दुसऱ्या दिवशी करा. अंदाजाने भरू नका.

१. हवेचं तापमान: डोक्याच्या उंचीला, सावलीत, कोरड्या थर्मामीटरने.

२. पृष्ठभागाचं तापमान: थर्मामीटर बर्फावर आडवा ठेवा आणि फावड्याने त्यावर सावली धरा.

३. पापुद्र्याची जाडी: फावड्याच्या कडेने छोटा चौकोन कापून उचला आणि मोजा. खालचा बर्फ कोरडा आहे, ओलसर आहे की थबथबलेला, तेही बघा.

४. पायाची चाचणी: एका पायावर पूर्ण भार द्या. पापुद्रा पेलतो का? पाय आत गेला तर किती सेंटीमीटर?

पापुद्रा टणक लागला की पाहणी संपली असं समजू नका. हातभर खोलपर्यंत घट्ट गोठलेला बर्फ आणि ओल्या मऊ बर्फावरचा दोन-तीन सेंटीमीटरचा पापुद्रा, दोन्ही सकाळी पायाखाली सारखेच वाजतात. पहिला बर्फ बराच वेळ टिकतो. दुसरा ऊन लागल्यावर थोड्याच वेळात सुटतो. त्यामुळे तिसऱ्या नोंदीतली ‘खाली काय आहे’ ही अर्धी ओळ कधीही सोडू नका.

टप्पा ५: खड्डा

प्रोबने खोली कळली आहेच. खड्ड्याची रुंदी खोलीच्या साधारण दीडपट ठेवा, नाहीतर तळाशी उभं राहून हात चालवता येत नाही. जी भिंत मोजायची ती सावलीत राहणारी असावी आणि तिच्या वरच्या कडेला कोणी पाय, पिशवी किंवा फावडं ठेवायचं नाही. खणलेला बर्फ खालच्या बाजूला टाका. जमिनीपर्यंत खणा. वसंतात पाणी तळाशी पोचलं आहे का हा प्रश्न असतो, आणि अर्ध्यावर थांबलेला खड्डा त्याचं उत्तर देत नाही.

शेवटी भिंत फावड्याने सरळ, गुळगुळीत तासा. मोजपट्टी जमिनीवर शून्य ठेवून उभी लावा. उंची जमिनीपासून मोजायची. वरून मोजलं तर रोज पृष्ठभाग खाली जात असल्याने कालचा थर आज कुठे आहे ते जुळवता येत नाही.

टप्पा ६: तापमान, आणि तेही लगेच

भिंत तासल्यावर पहिलं काम हेच. वरून खाली जा, कारण वरचे आकडे आधी बिघडतात. पृष्ठभागाखाली १० सेंटीमीटरपासून दर १० सेंटीमीटरवर थर्मामीटर भिंतीत पूर्ण लांबीने घुसवा आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. दोन थर्मामीटर असतील तर एक स्थिर होताना दुसरा पुढच्या जागी लावता येतो. वरच्या ३० सेंटीमीटरपर्यंत ऊन बर्फातून आत शिरून धातूचं टोक तापवू शकतं. तेव्हा वर फावड्याची सावली हवीच.

> तपासणी: बर्फाचं तापमान शून्याच्या वर जाऊच शकत नाही. अधिक ०.८ दिसलं तर ऊन लागलं आहे किंवा थर्मामीटर चुकतो आहे. तो आकडा ‘०’ म्हणून लिहू नका. सावली करून पुन्हा मोजा.

आता आकड्यांचा अर्थ. वर शून्य, मध्ये उणे तीन, तळाशी उणे एक असं असेल तर आत थंडावा शिल्लक आहे आणि वरून झिरपणारं पाणी वाटेत गोठतं आहे. सगळीकडे शून्य आलं तर तो थंडावा संपला. यापुढे येणारी प्रत्येक उष्णता थेट पाणी तयार करणार.

थंडावा किती झपाट्याने संपतो याचा लोकांना अंदाज नसतो, म्हणून हा हिशेब मी नेहमी करून दाखवते. घनमीटरला ४०० किलो घनतेचा, एक मीटर जाडीचा बर्फ सरासरी उणे ५ अंशांवर आहे. तो शून्यावर आणायला दर चौरस मीटरला सुमारे ४,२०० किलोज्यूल लागतात. तोच बर्फ पूर्ण वितळवायचा तर १,३३,००० किलोज्यूलपेक्षा जास्त. म्हणजे वितळायला जेवढी उष्णता लागते, तिच्या तीन-चार टक्क्यांतच थंडावा संपतो. पृष्ठभागावर वितळलेलं १२-१३ मिलीमीटर पाणी आत झिरपून गोठलं, तरी त्यातून सुटणारी उष्णता या कामाला पुरते. ‘काल तर आत उणे चार होतं’ या भरवशावर दोन दिवस काढू नयेत ते याचमुळे.

टप्पा ७: थर, कडकपणा आणि ओलावा

भिंतीवरून बोट हलक्या हाताने खाली फिरवा. थर बदलला की लगेच जाणवतो. प्रत्येक थराचा कडकपणा हाताने तपासा. हलक्या, सारख्या जोराने दाबल्यावर आधी मूठ आत जाते का बघा. नाही तर चार बोटं, मग एक बोट, मग पेन्सिल, मग सुरी. जी सगळ्यात मोठी वस्तू आत जाते ती त्या थराची नोंद. सुरीही जात नसेल तर ‘बर्फाचा गोठलेला थर’ लिहा.

मग ओलावा. यासाठी बर्फाच्या २००९ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात पाच पायऱ्या आहेत आणि त्या हातानेच ओळखता येतात:

- कोरडा: दाबला तरी गोळा नीट होत नाही.
- ओलसर: गोळा सहज होतो, पण भिंगातूनही दाण्यांमध्ये पाणी दिसत नाही. आकारमानाच्या ३ टक्क्यांपेक्षा कमी पाणी.
- ओला: भिंगातून दाण्यांमध्ये पाणी दिसतं, पण मध्यम जोराने पिळल्यास गळत नाही. ३ ते ८ टक्के.
- खूप ओला: पिळल्यावर पाणी निघतं. ८ ते १५ टक्के.
- थबथबलेला: न पिळता पाणी दिसतं, काल्यासारखा. १५ टक्क्यांहून जास्त.

हातमोजा घालूनच गोळा करा. उघड्या तळहाताच्या उबेने कोरडा बर्फही ओलसर वाटतो. भिंगातून बघताना श्वास दाण्यांवर जाऊ देऊ नका, तेही तसंच फसवतं.

सगळीकडे शून्य अंश आलं की ‘बर्फ पाण्याने भरला’ असं लिहून मोकळे होणारे अनेक जण आहेत. ते बरोबर नाही. शून्यावरचा बर्फ ओलसर असेल किंवा थबथबलेलाही असेल. थर्मामीटरला त्या दोघांतला फरक कळत नाही, तो पिळूनच कळतो. म्हणून तापमान आणि ओलावा वहीत शेजारी-शेजारी लिहा.

आता ज्यासाठी एवढं खणलं ती गोष्ट: पाणी कुठे अडलंय? पाणी बर्फातून सरसकट, एका पातळीत उतरत नाही. आधी बोटांसारख्या उभ्या वाटा पडतात. वाटेत गोठलेला पापुद्रा किंवा बारीक दाण्यांखाली मोठ्या दाण्यांचा थर आला की पाणी त्यावर साचतं आणि आडवं पसरतं. भिंतीत अशा जागी राखाडी, काचेसारखी चमकणारी पट्टी दिसते. त्या पट्टीच्या वर आणि खाली ओलावा वेगवेगळा तपासा. तळाशी साखरेसारखे मोकळे, कोनदार दाणे असतील तर विशेष लक्ष द्या. हिवाळाभर कोरडा राहिलेला असा कमकुवत थर पहिल्यांदा भिजतो, तेव्हा त्यावरचा सगळा बर्फ एकदम सुटू शकतो.

याउलट, वरपासून खालपर्यंत मोठे, गोल, एकमेकांना चिकटलेले दाणे असतील, पाणी खालपर्यंत विनाअडथळा उतरत असेल आणि रात्री चांगली गोठण होत असेल, तर तो बर्फ बराच स्थिर असतो. पण फक्त गोठलेला असेपर्यंत.

> इशारा: खणताना ‘धप्प’ असा दबका आवाज येऊन आजूबाजूचा बर्फ बसला किंवा लांबवर तडा गेला, तर खड्डा तिथेच सोडा आणि आल्या वाटेने परत फिरा. हा आवाज कमकुवत थर कोसळल्याचा आहे. मोजमाप पूर्ण करायच्या मोहात पडू नका.

टप्पा ८: घनता आणि साठलेलं पाणी

फक्त खोली मोजून ‘बर्फ कमी झाला’ असं म्हणता येत नाही. वसंतात बर्फ आधी दबतो आणि नंतर वितळतो. खोली २० सेंटीमीटरने घटली तरी पाणी तेवढंच असू शकतं.

नळीने नमुना घेताना ती सरळ जमिनीपर्यंत दाबा आणि तळाशी थोडी माती किंवा गवत येऊ द्या, म्हणजे पूर्ण थर आला याची खात्री होते. माती काढून टाका, मग वजन करा, आणि रिकाम्या नळीचं वजन वजा करा. बर्फाचं वजन ग्रॅममध्ये घेऊन नळीच्या छेदाच्या क्षेत्रफळाने भागलं की पाण्याची उंची सेंटीमीटरमध्ये मिळते. आतून ६ सेंटीमीटर व्यासाच्या नळीचा छेद २८.३ चौरस सेंटीमीटर असतो. १,१३० ग्रॅम बर्फ आला तर सुमारे ४० सेंटीमीटर, म्हणजे ४०० मिलीमीटर पाणी. खोली ९५ सेंटीमीटर असेल तर घनता घनसेंटीमीटरला ०.४२ ग्रॅम, आणि वसंतातल्या मुरलेल्या बर्फाला ती साजेशी आहे. उत्तर ०.१५ किंवा ०.८ आलं तर बहुतेक नळी अर्धी भरली होती किंवा वजनात गडबड झाली.

ओला बर्फ नळीत आतून चिकटतो आणि पुढचा नमुना खोटा ठरतो. दर वेळी नळी साफ करा आणि किमान पाच ठिकाणचे नमुने घेऊन सरासरी काढा.

कायमचा मोजखांब असेल तर बुंध्याजवळचा आकडा घेऊ नका. खांब तापल्याने भोवती खळगा झालेला असतो. थोडं लांब उभं राहून, आजूबाजूच्या पृष्ठभागाच्या रेषेत आकडा वाचा.

टप्पा ९: दिवस चढताना

इथून पुढे वसंतातली पाहणी हिवाळ्यापेक्षा वेगळी होते, कारण सकाळचा खड्डा दुपारी जुना झालेला असतो. दर अर्ध्या तासाने, सुरक्षित जागी उभं राहून, चार गोष्टी लिहा: वेळ, पाय किती आत जातो, वरच्या दहा सेंटीमीटरचा ओलावा आणि आजूबाजूच्या उतारांवरची हालचाल.

हालचालीत क्रम असतो. आधी खडकांखालून, झाडांखालून बर्फाचे छोटे गोळे घरंगळतात. मग तेच गोळे गाडीच्या चाकासारखे मोठे होत जातात. मग एका बिंदूपासून सुरू होऊन पंख्यासारखे पसरत जाणारे ओले ओघळ. उतार सोडायची वेळ पहिल्या पायरीवरची, तिसऱ्या पायरीवरची नव्हे. पाय घोट्याच्या वर जायला लागला की चढाच्या उतारावरून आणि त्याच्या पायथ्यापासूनही निघा.

पृष्ठभागाचा रंगही टिपा. ताजा स्वच्छ बर्फ पडलेल्या उन्हाचा ८० ते ९० टक्के भाग परतवतो. जुना ओला बर्फ बराच कमी परतवतो आणि धुळीने माखलेला त्याहून कमी. सारख्याच उन्हात मळका उतार लवकर सुटतो.

दोन गोष्टी या वेळापत्रकात बसत नाहीत. एक, धारेवर लोंबणारे बर्फाचे छज्जे. ते कधी तुटतील सांगता येत नाही, म्हणून त्यांच्या खाली किंवा वर कधीच थांबू नका. दुसरी, उतारावर जमिनीपर्यंत उघडलेल्या कमानीसारख्या भेगा. अशा ठिकाणी सगळा थर गवतावरून किंवा गुळगुळीत खडकावरून हळूहळू सरकत असतो आणि तो पहाटे, थंडीतही सुटू शकतो. ‘सकाळ आहे, गोठलेलं आहे’ हा हिशेब तिथे लागू पडत नाही.

परतीच्या वाटेवर ओढा असेल तर लक्षात ठेवा, दुपारी वितळलेलं पाणी बर्फातून झिरपत उशिरा खाली पोचतं. ओढ्याचा जोर संध्याकाळी किंवा रात्री सगळ्यात जास्त असू शकतो. सकाळी घोटाभर पाण्यातून ओलांडलेली जागा संध्याकाळी तशी नसते.

टप्पा १०: वही आणि दुसरा दिवस

निघण्यापूर्वी खड्डा बुजवा. उघड्या खड्ड्यात दुसरं कोणी पडू शकतं, शिवाय भोवतालचा बर्फ बाजूने तापून तुमचीच पुढची नोंद बिघडते. उद्याचा खड्डा आजच्यापासून किमान दोन-तीन पावलं, त्याच उंचीवर आणि त्याच रोखावर.

वहीत दर दिवसाला वरची ओळ रात्रीच्या आभाळाची असू द्या. त्याखाली पापुद्र्याची जाडी, मग तापमानांची उभी रांग, शेजारी ओलावा, पाणी अडलेल्या पट्टीची जमिनीपासूनची उंची आणि पाय घोट्याच्या वर जायला लागला ती वेळ. तीन दिवसांच्या नोंदी शेजारी ठेवल्या की पाण्याची पट्टी ९० वरून ६० वर आणि ६० वरून ३५ सेंटीमीटरवर उतरताना दिसते आणि पाय आत जायची वेळ साडेअकरावरून दहावर, दहावरून साडेआठवर सरकताना दिसते. हे दोन आकडे एकाच वेळी घसरत असतील, तर चौथ्या दिवशी खड्डा खणायला जाऊ नका.